तिथे राहायचं कोणाला आहे?

केअर होम, म्हणजे वृद्धांना ठेवून घेऊन त्यांची देखभाल करणारी संस्था, बघायला जाणाऱ्या कुटुंबाचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. डॉक्टर किती वेळात येतात, कॅमेरे बसवले आहेत का, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का, फरशी निसरडी तर नाही ना, आमच्या घरापासून किती लांब पडेल. प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारायलाच हवेत. पण ते विचारतं कोण? बहुतेक वेळा मुलगा, मुलगी, सून, नाहीतर भाचा. ज्याला तिथे उरलेलं आयुष्य काढायचं आहे, तो माणूस त्या वेळी घरी असतो किंवा हॉस्पिटलच्या पलंगावर. त्याला नंतर मोबाइलवर फोटो दाखवले जातात आणि खोलीला मोठी खिडकी आहे असं सांगितलं जातं.

भाड्याचं घर घेतानाही आपण त्यात राहणाऱ्याला आधी जागा दाखवतो, मग करार करतो. इथे मात्र करार आधी होतो, आणि राहणाऱ्याला कळतं ते सामानाची बांधाबांध सुरू झाल्यावर. हे चूक आहे. केअर होममध्ये जायचं की नाही, कोणत्या जायचं, कधी जायचं, हा निर्णय तिथे राहणाऱ्याचा आहे. घरच्यांनी त्याला मदत करावी, संस्थेनं सेवा द्यावी, सरकारनं राखण करावी. यातल्या कोणीही त्याच्या जागी बसू नये. हे मी केवळ कळवळ्यापोटी म्हणत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो करार संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारला, त्याच्या १९व्या कलमात आपण कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडण्याची संधी इतरांच्या बरोबरीनं मिळाली पाहिजे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्याला चालता येत नाही, ज्याची एक बाजू लुळी पडली आहे, जो विसरू लागला आहे, असा म्हातारा माणूस या कराराच्या बाहेर कसा राहील?

हा हक्क मनापासून मान्य केला, तर पुढच्या पुष्कळ गोष्टी बदलतात. सर्वांत आधी बदलते ती वेळ.

आज ही निवड बहुधा सर्वांत वाईट घटकेला होते. वय झालेली व्यक्ती पडते, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं आणि काही दिवसांतच हॉस्पिटल विचारू लागतं, की यांना आता कुठे नेणार? खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाच जणांत एक जण वर्षभरात दगावतो, आणि जे वाचतात त्यांतले कित्येक पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. घरची घडी विस्कटणार हे दिसत असतं, पण विचार करायला उसंत नसते. मग जिथे जागा रिकामी असेल तिथे माणूस जातो. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणानं २०१७ मध्ये तिथल्या केअर होमच्या बाजाराची तपासणी केली तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. लोक ताणाखाली आणि घाईत ठरवतात, हाती पुरेशी माहिती नसते, आणि एकदा माणूस राहायला गेला की त्याला पुन्हा हलवणं फार अवघड होतं. दुकानात फसवणूक झाली तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. नव्वदीच्या आणि नुकत्या कुठे रुळू लागलेल्या माणसाला ती सोय नसते, आणि वाईट संस्था याच गोष्टीवर तगून राहतात.

म्हणून ही निवड पडण्याआधी व्हायला हवी. पासष्टीत, सत्तरीत, पाय चालत आहेत आणि डोकं शाबूत आहे तेव्हा, स्वतः जाऊन. दोन-तीन संस्था पाहाव्यात, आधीपासून राहणाऱ्यांशी गप्पा माराव्यात, आणि संस्था थोड्या दिवसांसाठी ठेवून घेत असेल तर तिथे पंधरा दिवस राहूनच बघावं. एका दुपारच्या भेटीत जे लपवता येतं ते पंधरा दिवसांत लपवता येत नाही. त्यानंतर चार ओळी लिहून ठेवाव्यात, आणि त्या ओळी संस्थेच्या नावापुरत्या असू नयेत. मला सकाळी उशिरा उठायला आवडतं की पहाटे, अंघोळ कधी, खोलीत सोबत चालेल की एकटेपणच हवं, झोपताना दार लावलेलं हवं की उघडं, दिवसभर टीव्ही चालू राहिला तर डोकं उठतं का. या गोष्टी किरकोळ वाटतात. पण ज्या दिवशी आपण स्वतः बोलू शकणार नाही, त्या दिवशी आपलं असं जे काही उरेल ते एवढंच असेल.

हा विषय घरात निघत नाही याला मुलं जितकी जबाबदार, तितकीच म्हातारी माणसंही. मुलांना वाटतं, विषय काढला तर आई-वडील म्हणतील, आम्ही नकोसे झालो. आई-वडिलांना वाटतं, आपणच बोललो तर यांना मोकळीक दिल्यासारखं होईल. दोघंही गप्प बसतात. त्या गप्प बसण्यानं निर्णय टळत नाही, तो फक्त हॉस्पिटलच्या डिस्चार्जच्या दिवसापर्यंत पुढे जातो आणि मग भलत्याच कोणाच्या हातात पडतो.

निवड राहणाऱ्याची असावी याला शास्त्राचाही आधार आहे, पण तो जपून सांगायला हवा. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये (तिकडे वृद्धांच्या केअर होमलाच हे नाव आहे) केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं गेलं, की खोलीची मांडणी कशी हवी, वेळ कसा घालवायचा, हे तुम्हीच ठरवायचं आहे. प्रत्येकाला हवं ते रोपटं निवडू दिलं आणि त्याची निगा त्यांच्यावर सोपवली. सिनेमा कोणत्या रात्री पाहायचा हेही त्यांनाच विचारलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण त्यांना पाणी परिचारिका घालणार होत्या, आणि सिनेमाची रात्र संस्था कळवणार होती. वागणूक दोन्हीकडे सारखीच प्रेमळ होती. तीन आठवड्यांनी पाहिलं तेव्हा पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक तरतरीत, अधिक हालचाल करणारे, अधिक आनंदी आढळले. दीड वर्षानंतर मृत्यूंचं प्रमाण पहिल्या गटात १५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३० टक्के निघालं.

हा शेवटचा आकडा फार मिरवला जातो. गट लहान होते, आणि मृत्यूंमधला फरक दुरुस्त गणितात आधी वाटला होता तितका भक्कम ठरला नाही. तेव्हा एका रोपट्यानं मरण अर्ध्यावर येतं असं मी म्हणणार नाही. पण माणसाच्या रोजच्या दिवसावर त्याची स्वतःची सत्ता असली की तो अधिक जागा राहतो, एवढं यातून नक्की घेता येतं.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो मानसशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्झ यांचा त्याच सुमाराचा प्रयोग. तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. वृद्धांच्या निवासात कॉलेजचे विद्यार्थी भेटायला जाणार होते. काही रहिवाशांनी विद्यार्थी कधी येणार आणि किती वेळ थांबणार हे स्वतः ठरवलं. काहींना वेळ आधी कळवली जायची. काहींकडे विद्यार्थी अचानक यायचे, आणि काहींकडे कोणीच येत नव्हतं. पहिल्या दोन्ही गटांची तब्येत आणि उमेद इतरांपेक्षा सुधारली. मग अभ्यास संपला आणि विद्यार्थी यायचे थांबले. शुल्झ आणि बार्बरा हनुसा यांनी नंतरची पाहणी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा दिसलं की जे सुधारले होते तेच इतरांपेक्षा जास्त खालावले. हाती दिलेली सत्ता काढून घेतली होती. केअर होममध्ये वाढदिवस, गाण्यांचा कार्यक्रम, पाहुण्यांसमोर सजवलेलं सभागृह हे सगळं पाहताना मला हा प्रयोग आठवतो. चार दिवस विचारायचं आणि नंतर विचारणं बंद करायचं, याचा जीव लावलेल्या माणसाला अधिक त्रास होतो. माणसाला विचारणं हे रोजच्या वेळापत्रकातच असायला हवं.

आता सुरक्षिततेबद्दल बोलतो, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. मुलांना आई-वडील सुरक्षित हवे असतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण सुरक्षिततेच्या नावाखाली काय काय झालं आहे ते पाहायला हवं. अमेरिकेत १९८०च्या दशकात नर्सिंग होममधल्या रहिवाशांना पट्ट्यांनी खुर्चीला किंवा पलंगाला बांधणं ही नेहमीची रीत होती, आणि कारण सांगितलं जायचं की नाहीतर ते पडतील. १९८७ मध्ये कायदा झाला आणि शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवणं बेकायदा ठरलं. बांधणं पुष्कळ कमी झालं. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं, की बांधल्यानं गंभीर दुखापती कमी होत नव्हत्याच. बांधलेला माणूस सुटायची धडपड करतो, आणि बसून बसून त्याचे स्नायू इतके जातात की सुटल्यावर तो आधी पडतो. वरून पलंगाला खिळल्यामुळे पाठीला, टाचांना जखमा होतात त्या वेगळ्याच.

पट्टे गेले, पण गोळ्या राहिल्या. स्मृतिभ्रंश झालेली माणसं ओरडतात, फिरत राहतात, अंघोळीला विरोध करतात. त्यांना शांत करायला मनोविकारावरची जड औषधं दिली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये यांतल्या नव्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण १७ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचं प्रमाण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांच्या दीडपटीहून जास्त निघालं. २००८ मध्ये तोच इशारा जुन्या औषधांनाही लागू झाला. काही रुग्णांना, काही काळ, डॉक्टरच्या देखरेखीखाली या औषधांची गरज पडते हे मला मान्य आहे. पण भर दुपारी हॉलमध्ये वीस माणसं खुर्च्यांवर मान टाकून बसलेली दिसली आणि सोबतचा व्यवस्थापक म्हणाला, ‘आमच्याकडे किती शांतता आहे बघा,’ तर तिथे विचारायचा प्रश्न एकच: यांतल्या किती जणांना अशी औषधं चालू आहेत? उत्तर देताना जो चाचपडतो, त्याच्याकडे आपलं माणूस ठेवू नये.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. केरेन ब्राउन विल्सन यांच्या आईला ५५व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढची वर्षं तिनं नर्सिंग होममध्ये काढली. आईला हवी होती स्वतःची खोली, कुलूप लागणारं दार, स्वतःच्या वस्तू. विल्सन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ११२ घरांचं ‘पार्क प्लेस’ उभं केलं. दाराला कडी आतून, सामान स्वतःचं, उठायची-जेवायची वेळ स्वतःची, आणि मदत मात्र चोवीस तास. लोकांना वाटलं, हे धोकादायक आहे. सरकारनं रहिवाशांच्या तब्येतीवर लक्ष ठेवलं. तब्येती ढासळल्या नाहीत आणि आयुष्याबद्दलचं समाधान वाढलं. पुढे या पद्धतीचं ‘असिस्टेड लिव्हिंग’ हे नाव सगळीकडे पसरलं, आणि अनेकांनी फक्त नाव उचललं. आतली कडी तेवढी काढून टाकली. त्यामुळे पाटीवर काय लिहिलं आहे यावरून काहीही ठरवू नये. आत जाऊन बघावं, की कर्मचारी खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करतात का, आणि आतून ‘या’ म्हणेपर्यंत थांबतात का.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ज्याला मुलाचं नाव आठवत नाही त्याला केअर होम निवडायला कसं सांगणार? जगात स्मृतिभ्रंशाचे साडेपाच कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि दरवर्षी त्यांत जवळपास एक कोटीची भर पडते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केअर होमची गरज ज्यांना सर्वांत जास्त भासते, त्यांत हे लोक अग्रभागी आहेत. आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण निर्णय घेण्याची क्षमता हा दिव्याचा खटका नव्हे, की आज आहे आणि उद्या नाही. बँकेचा व्यवहार न जमणाऱ्या बाईला दोन खोल्यांपैकी कोणती आवडली हे नक्की सांगता येतं. इंग्लंड आणि वेल्सचा २००५चा मानसिक क्षमता कायदा याच पायावर उभा आहे. माणूस सक्षम आहे असं धरून चालायचं, नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्याची, आणि निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटला नाही एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. शब्द गेल्यावरही माणूस चेहऱ्यानं, हातानं, पाय मागे घेऊन सांगतच असतो. त्याला सोबत घेऊन जा. कुठे तो सैल होऊन बसतो आणि कुठे दाराशीच घुटमळतो ते पाहा.

नेदरलँड्समधल्या वेस्प इथं २००९ मध्ये पूर्ण झालेलं ‘होगेवाइक’ याच विचारातून आलं. तिथे सगळे रहिवासी गंभीर स्मृतिभ्रंशाचे आहेत, आणि तरी ती रस्ते, चौक, दुकान, बाग असलेली छोटी वसाहत आहे. एकेका घरात सहा-सात जण राहतात, कर्मचारी साध्या कपड्यांत असतात, आणि रहिवासी आपल्या मनानं बाहेर फिरतात. वसाहत मात्र बाहेरून बंदिस्त आहे. काही टीकाकार म्हणतात, ही देखणी कोंडीच आहे. मला ती टीका पूर्ण खोटी वाटत नाही. पण वॉर्डच्या दाराशी अडवलेला माणूस आणि चौकापर्यंत फिरून आलेला माणूस यांचा दिवस सारखा नसतो. आजार जितका वाढेल तितकं कुंपण दूर न्यावं, त्याला माणसाच्या अंगाशी आणू नये, इतपत मी नक्की म्हणेन.

दुसरा आक्षेप घरच्यांच्या बाजूचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. रात्री चार-चार वेळा उठून कपडे बदलणारी बायको, नोकरी सोडलेली मुलगी, पाठ गेलेली सून, यांनाही आयुष्य आहे. जगभर सांभाळण्याचा हा भार मुख्यतः बायकांवरच पडतो. घरी ठेवलं म्हणजे प्रेम आणि बाहेर ठेवलं म्हणजे टाकून दिलं, हा हिशोब क्रूर आहे. घरातल्या मागच्या खोलीत दिवसभर एकटा पडलेला माणूस काही सुखात नसतो. तेव्हा ‘मला आता हे झेपत नाही’ हे केअर होमचं पूर्ण सन्माननीय कारण आहे. फक्त ते तसंच सांगावं. ‘थोडे दिवस बदल म्हणून’ अशी थाप मारून नेलेला माणूस नंतर रोज दाराकडे बघत बसतो, आणि त्याचा विश्वास परत येत नाही. सांभाळणारीला ‘मी आता थकले’ म्हणण्याचा हक्क आहे. पण त्यापुढे कुठे आणि कसं राहायचं, हे ठरवणं ज्याचं त्याच्याकडे राहायला हवं.

आता बघायचं काय, तर हात. इमारत, लॉबी, बागेतला कारंजा यांचा पाठीच्या जखमांशी काही संबंध नाही. संबंध आहे तो कूस बदलायला किती हात आहेत याच्याशी. अंघोळ घालणारी, भरवणारी, रात्री घंटी वाजल्यावर येणारी माणसं किती आहेत, किती जुनी आहेत, आणि एकेकीवर किती जणांचा भार आहे? हा प्रश्न दिवसपाळीपुरता विचारला तर फसवणूक होते. रात्री किती आणि रविवारी किती, हे वेगळं विचारावं.

अमेरिकेत २००८ पासून सरकार नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं. २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं दाखवून दिलं, की त्या ताऱ्यांमागची बरीचशी माहिती संस्थांनी स्वतःच भरलेली होती आणि तिची पडताळणी होत नव्हती. पुढे २०१८ पासून ताऱ्यांसाठी कर्मचाऱ्यांचे आकडे पगाराच्या नोंदींवरून घ्यायला सुरुवात झाली. मग खरं चित्र समोर आलं. आधी सांगितले होते तितके कर्मचारी बहुतेक ठिकाणी नव्हतेच, आणि शनिवार-रविवारी तर संख्या आणखी घसरत होती. याच नोंदींवरून संशोधकांनी २०१७-१८ या काळातली कर्मचाऱ्यांची गळती मोजली. परिचर्या करणाऱ्यांच्या गळतीचं वार्षिक सरासरी प्रमाण सुमारे १२८ टक्के निघालं. म्हणजे वर्षभरात जितक्या जागा त्याहून जास्त माणसं सोडून गेली. या आकड्याचा अर्थ रहिवाशाच्या बाजूनं लावून पाहा. आपले कपडे उतरवून आपल्याला अंघोळ घालणारे हात दर थोड्या महिन्यांनी अनोळखी होतात. आपला डावा खांदा दुखतो हे प्रत्येक नवीला नव्यानं सांगायचं, आणि जिला सांगता येत नाही तिनं फक्त सोसायचं. पगार कमी, काम अंगमोड, मान नाही. मग ती माणसं का टिकतील? केअर होमचा दर्जा सुधारायचा असेल तर या बायकांचा आणि मुलांचा पगार सुधारल्याशिवाय बाकीचं सगळं वरवरचं आहे.

मालक कोण, हेही विचारावं. गुंतवणूक फंडांनी विकत घेतलेल्या अमेरिकी नर्सिंग होमचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला. तिथे थोड्या काळासाठी दाखल झालेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि खर्चाचा ओघ काळजीकडून भाडं, व्याज अशा गोष्टींकडे वळलेला दिसला. खासगी म्हणजे वाईट असा याचा अर्थ नाही. मन लावून चालवलेल्या खासगी संस्था पुष्कळ आहेत. पण थोड्या वर्षांत विकून मोकळं व्हायचं ठरवून आलेल्या मालकाचं गणित आणि तिथे दहा वर्षं काढणाऱ्या रहिवाशाचं गणित जुळत नाही.

करारातलं एक कलम मात्र शब्द न शब्द वाचावं: कोणत्या परिस्थितीत तुम्ही आमच्या माणसाला न्यायला सांगाल? आजार वाढला तर, पैसे संपले तर, रात्री ओरडू लागला तर, घरच्यांनी तक्रार केली तर? अनेक संस्था चालत्या-बोलत्या माणसाला आनंदानं घेतात आणि तो अंथरुणाला खिळला की हात वर करतात.

त्याच्याच पाठोपाठ जो प्रश्न विचारायची जीभ रेटत नाही, तो विचारावा. इथे मरता येतं का? पुष्कळ ठिकाणी शेवटचे दिवस जवळ आले की रुग्णवाहिका बोलावली जाते आणि माणूस हॉस्पिटलच्या झगझगीत दिव्याखाली, नळ्यांमध्ये जातो. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात गिळणं अवघड होतं, तेव्हा नाकातून किंवा पोटातून नळी घालण्याचा आग्रह होतो. नळीनं आयुष्य वाढत नाही आणि फुप्फुसात अन्न जाण्याचा धोकाही टळत नाही, म्हणून अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ही वृद्धांच्या आजारांवरच्या तज्ज्ञांची संघटना अशा रुग्णांना हातानं, सावकाश भरवायला सांगते. सावकाश भरवणं म्हणजे एका माणसाला एका जेवणाला अर्धा तास किंवा त्याहून जास्त. तेव्हा नळीचा निर्णय पुष्कळदा औषधापेक्षा मनुष्यबळाचा असतो. जी संस्था ‘आम्ही शेवटपर्यंत भरवतो’ म्हणते, तिला जेवणाच्या वेळी किती हात असतात ते दाखवायला सांगावं, आणि जेवणाच्याच वेळी न कळवता जावं.

न कळवता जाता येणं हीच मुळात एक कसोटी आहे. २०२०च्या साथीत केअर होमची दारं बंद झाली. सुरुवातीच्या आठवड्यांत कारण समजण्यासारखं होतं, कारण त्या घरांत माणसं पटापट मरत होती. पण अनेक ठिकाणी ती दारं महिनोन्‌महिने उघडली नाहीत, आणि आईला भरवायला रोज येणारी मुलगी ‘पाहुणी’ ठरून बाहेर राहिली. खरं तर ती काळजीच्या कामातला एक हात होती आणि संस्थेवरचा एक डोळाही होती. नेदरलँड्सनं त्याच वर्षी मे महिन्यात काही निवडक नर्सिंग होममध्ये नियम पाळून भेटी पुन्हा सुरू केल्या, आणि ते जमतं हे दाखवून दिलं. रहिवाशानं निवडलेल्या निदान एका माणसाला कोणत्याही साथीत आत येण्याचा कायदेशीर हक्क हवा.

सरकारकडे मागायच्या गोष्टी यातूनच निघतात. कर्मचाऱ्यांची संख्या पगारपत्रकावरून तपासून, रात्रीची आणि सुट्टीची वेगळी, लोकांसमोर मांडा. अमेरिकेनं २०२२ पासून गळतीचे आणि शनिवार-रविवारचे आकडे संकेतस्थळावर द्यायला सुरुवात केली, म्हणजे हे अशक्य नाही. शांत करणारी औषधं किती जणांना चालू आहेत, जखमा किती जणांना झाल्या, किती जणांना काढून टाकलं, हेही त्यात असू द्या. रहिवाशांना आपली समिती करता यायला हवी, आणि तिचं म्हणणं तपासनिसानं व्यवस्थापकाच्या आधी ऐकायला हवं.

आणि प्रवेशाआधीची एक अट. संस्थेशी संबंध नसलेल्या कोणीतरी, घरच्यांना खोलीबाहेर बसवून, येणाऱ्या व्यक्तीशी तिच्या भाषेत, तिच्या वेगानं बोलावं. तुम्हाला इथे यायचं आहे का, कशामुळे आलात, काय असेल तर इथे बरं वाटेल, आणि नको असेल तर दुसरं काय हवं, हे विचारावं आणि तिचं उत्तर तिच्या शब्दांत लिहावं. उत्तर ‘नाही’ असेल तर घरी मदत पाठवण्यापासून दुसरी जागा शोधण्यापर्यंतचे मार्ग आधी तपासले गेले पाहिजेत. हा कागद कराराला जोडलेला नसेल तर प्रवेश ग्राह्य धरू नये, आणि दर सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले जावेत, कारण माणसाचं मत तिथे राहिल्यावर बदलू शकतं, दोन्ही बाजूंनी.